बेअरिंगशिवाय मोटर: रोटर अधांतरी धरायचा आणि फिरवायचाही, दोन्ही एकाच स्टेटरनं. डिझाइन कुठून धरावं?

पंपवाला_मिरज

मंडळी, मी छोट्या केमिकल पंपांच्या डिझाइनमध्ये काम करतो. परत येणारे पंप उघडले की गोष्ट शेवटी सील नाहीतर बेअरिंगवरच येऊन थांबते. मॅग-ड्राइव्ह पंपात, म्हणजे ज्यात बाहेरचा चुंबक आतलं पंपाचं चाक फिरवतो त्यात, सील नसतं हे खरंय पण आत सिलिकॉन कार्बाइडचं बुश असतंच, पंप कोरडा चालला की ते तापतं, तडकतं आणि मग सगळंच संपतं. म्हणून मी सध्या अशा मोटरींबद्दल वाचतोय ज्यात बेअरिंगच नाही, रोटर, म्हणजे फिरणारा भाग, चुंबकानं अधांतरी धरलेला असतो आणि धरणारा आणि फिरवणारा स्टेटर, म्हणजे कॉईलवाला स्थिर भाग, एकच असतो. इंग्रजीत पेपर भरपूर आहेत पण ते सगळे थेट डी-क्यू मॅट्रिक्ससारख्या मोटर-कंट्रोलच्या गणितापासून सुरू होतात, मी मेकॅनिकलचा माणूस, मला आधी हे कळायला हवंय की रोटरला उचलून धरणारा जोर नक्की येतो कुठून.

माझे प्रश्न असे. मॅग्नेटिक बेअरिंग लावलेली मोटर आणि ही बेअरिंगलेस मोटर, रोटर दोन्हीत तरंगतोच, मग फरक काय? दुसरं, साधे कायमचे चुंबक समोरासमोर लावून रोटर तरंगवता येत नाही का, म्हणजे सेन्सर न इलेक्ट्रॉनिक्सचा खर्चच वाचेल. तिसरं, वर्कशॉपमध्ये एक लेथ आहे, वायरकट (तारेच्या ठिणगीनं धातू कापणं) बाहेरून करून घेता येतं, एवढ्यावर साधारण ५० मिमी व्यासाचा रोटर तरंगवून फिरवायचा तर सुरुवात कुठून करू? आणि हे खरंच कुठं चालू आहे का की नुसतं लॅबमध्येच?

फ्लक्स_आणि_फोर्स

दादा, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बाकी सगळं डिझाइन त्याच्यावरच उभं आहे. सॅम्युअल अर्नशॉनं १८४२ मध्ये सिद्ध केलं की नुसत्या स्थिर चुंबकांच्या जोरावर एखादी वस्तू सगळ्या दिशांनी स्थिर राहूच शकत नाही. एका दिशेत स्थिरता मिळवलीत की दुसऱ्या कुठल्यातरी दिशेत ती हमखास अस्थिर होते. सुपरकंडक्टर आणि डायामॅग्नेटिक पदार्थ याला अपवाद आहेत पण तुमच्या पंपाला त्यांचा उपयोग नाही. म्हणजे निदान काही दिशांत तरी रोटर कुठं आहे ते सतत मोजायचं आणि त्याप्रमाणे करंट बदलत राहायचं, यातून सुटका नाही. पण सगळ्याच दिशांत तसं करावं लागतं असंही नाही आणि चांगलं डिझाइन आणि महागडं डिझाइन यातला फरक बऱ्याचदा इथंच पडतो, त्यावर येतोच.

आता पहिला प्रश्न. मॅग्नेटिक बेअरिंगवाल्या मशीनमध्ये शाफ्टच्या मध्ये नेहमीची मोटर असते, दोन्ही टोकांना वेगळे इलेक्ट्रोमॅग्नेट आणि शिवाय शाफ्टला पुढंमागं सरकू न देणारी एक थ्रस्ट डिस्क असते जिच्या दोन्ही बाजूंना आणखी मॅग्नेट. मोठ्या इमारतींच्या चिलरमध्ये जे ऑइल-फ्री कॉम्प्रेसर असतात, डॅनफॉसचे टर्बोकोर वगैरे, ते या जातीचे. उत्तम चालतात. पण त्यात शाफ्ट लांब होतो, शाफ्ट लांबला की त्याची बेंडिंगची क्रिटिकल स्पीड, म्हणजे ज्या वेगाला तो वाकून थरथरू लागतो ती, खाली येते, आणि नेमकं जास्त वेगालाच तुम्हाला ती वर हवी असते. बेअरिंगलेस मोटरमध्ये वेगळे इलेक्ट्रोमॅग्नेट नाहीतच. मोटरच्या एअर गॅपमध्ये, म्हणजे रोटर आणि स्टेटर यांच्यामधल्या फटीत, चुंबकीय फील्ड आधीच आहे, टॉर्कसाठी बनवलेलंच, त्यालाच जरा एका बाजूला झुकवायचं की झालं.

झुकवायचं म्हणजे काय, तर लोखंडाच्या पृष्ठभागावर चुंबकीय ओढ ही फील्डच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १ टेस्लाला ती जवळजवळ ४ बार भरते, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ४० न्यूटन. ०.५ टेस्लाला त्याच्या चौथाई, १० न्यूटन. साध्या मोटरमध्ये ही ओढ चहूबाजूंनी सारखी असते म्हणून ती एकमेकींना मारते आणि आपल्याला जाणवतच नाही. रस्सीखेचीत दोन्ही संघ पूर्ण ताकदीनं ओढतायत आणि दोर जागचा हलत नाहीये, तसं. आता एका बाजूला फील्ड ०.५ चं ०.५५ केलं आणि समोरच्या बाजूला ०.४५, तर फरक दर चौरस सेंटिमीटरला ४ न्यूटनचा पडतो. फील्डमध्ये बदल फक्त दहा टक्के, आणि जोर हातात भरपूर.

हा बदल करायला दुसरं वाइंडिंग लागतं आणि त्याचा नियम एकदम सुटसुटीत आहे, मोटरच्या पोल-जोड्या (उत्तर-दक्षिण ध्रुवांच्या जोड्या) पी असतील तर या दुसऱ्या, रोटर धरणाऱ्या सस्पेन्शन वाइंडिंगच्या पोल-जोड्या पी अधिक एक किंवा पी वजा एक हव्यात. दोन पोलची मोटर असेल तर चार पोलचं सस्पेन्शन, चार पोलची मोटर असेल तर दोन पोलचं चालेल नाहीतर सहा पोलचं. मग दोन्ही फील्डची बेरीज एका बाजूला वाढते आणि बरोबर समोर कमी होते. पोल-जोड्यांतला फरक एकचा नसेल तर बाजूकडं ओढणारा निव्वळ जोर मिळत नाही, वाढ आणि घट परिघावर सारखी वाटली जाऊन एकमेकींना खाऊन टाकते.

ही कल्पना १९७० च्या दशकात हर्मनच्या जर्मन पेटंटमध्ये दिसते पण प्रत्यक्षात यायला १९८० चं दशक संपत आलं, कारण तोपर्यंत डीएसपी, म्हणजे वेगानं हिशेब करणाऱ्या चिप, आणि झटपट स्विच होणारे ट्रान्झिस्टर परवडायला लागले होते आणि व्हेक्टर कंट्रोल, म्हणजे टॉर्क आणि फील्डचा करंट वेगवेगळा सांभाळायची पद्धत, रुळलं होतं. १९८८ मध्ये बॉश नावाच्या संशोधकाचा पेपर आला, झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात बिक्सेलनं १९९० च्या सुमाराला त्यावर डॉक्टरेट केली आणि त्याच काळात टोकियोत अकिरा चिबा आणि फुकाओ यांचं काम चालू होतं. आज जे काही आहे त्यातलं बरंचसं या दोन घराण्यांतून आलंय.

वाइंडर_काका

वरच्यांनी लिहिलंय की ही ओढ आपल्याला जाणवत नाही. आम्हाला जाणवते. माझं शिक्षण फार नाही पण आयुष्य रिवाइंडिंगच्या दुकानात गेलंय. पाच-सात एचपीच्या इंडक्शन मोटरला एअर गॅप असतो अर्धा मिलिमीटर नाहीतर त्याहून कमी. बेअरिंग झिजलं की रोटर एका बाजूला सरकतो, त्या बाजूचा गॅप कमी झाला की ओढ वाढते, ओढ वाढली की अजून सरकतो, आणि एक दिवस स्टँपिंगला, म्हणजे स्टेटरच्या पत्र्यांना, जाऊन घासतो. मोटर उघडली की खूण बघायची. स्टेटरवर एकाच जागी घासलंय आणि रोटरवर गोल सगळीकडं, तर बेअरिंग किंवा हाउसिंग गेलंय. उलट रोटरवर एकाच जागी आणि स्टेटरवर सगळीकडं, तर शाफ्ट वाकलाय. म्हणजे मोटर आपल्या रोटरला किती जोरानं ओढते ते या खुणांवरून मला दिसतं.

आणि एक गोष्ट, ज्या वाइंडिंगमध्ये पॅरलल पाथ ठेवलेले असतात त्या मोटरी सरकलेल्या रोटरला जरा सांभाळून घेतात, सगळे पोल सिरीजमध्ये असले की ओढ जास्त लागते. हे उस्तादानं शिकवलेलं, का ते कधी कुणी सांगितलं नाही. इथं कुणाला माहीत असेल तर सांगा.

फ्लक्स_आणि_फोर्स

काका, तुमच्या उस्तादांनी जे सांगितलं ते या विषयाचं मर्म आहे. रोटर केंद्रापासून सरकला की एअर गॅपमध्ये मूळ फील्डच्या जोडीला पी अधिक एक आणि पी वजा एक अशी दोन नवी फील्ड आपोआप तयार होतात, तीच रोटरला बाजूला खेचतात. सगळे पोल सिरीजमध्ये असतील तर वाइंडिंगला त्यांचा पत्ताच लागत नाही. पॅरलल पाथ असले की या फील्डमुळं दोन पाथमध्ये वेगवेगळं व्होल्टेज येतं, पाथच्या आतल्या आत करंट फिरतो आणि त्या फील्डला विरोध करतो, म्हणून ओढ कमी होते. बेअरिंगलेस मोटरमध्ये आपण हाच आतला करंट नशिबावर न सोडता इन्व्हर्टरनं, म्हणजे कॉईलला हवा तसा करंट देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सनं, स्वतः घालतो. म्हणजे काकांचं पॅरलल वाइंडिंग हे सस्पेन्शन वाइंडिंगचंच बिनइलेक्ट्रॉनिक्सचं रूप आहे.

मिनेसोटात सेव्हरसन आणि नेड मोहन यांच्या गटानं जे वाइंडिंग मांडलं ते याच वळणावर जातं. वेगळं सस्पेन्शन वाइंडिंग न घालता मोटरच्याच कॉईल अशा गटांत जोडतात की एका टर्मिनलच्या जोडीनं टॉर्क मिळतो आणि दुसऱ्या जोडीनं जोर, आणि सस्पेन्शनच्या इन्व्हर्टरला मोटरचा बॅक-ईएमएफ, म्हणजे रोटर फिरताना कॉईलमध्ये उलटं तयार होणारं व्होल्टेज, दिसतच नाही. याचा फायदा केवढा ते बघा. दोन वेगळी वाइंडिंग असली की स्लॉटमधली जागा दोघांत वाटून द्यावी लागते, सस्पेन्शनसाठी ठेवलेलं तांबं एरवी रिकामं बसून राहतं आणि टॉर्क तेवढा कमी मिळतो. कॉईल सामायिक असल्या की ज्याला जेव्हा लागेल तेव्हा सगळं तांबं त्याचं.

एक इशारा पण द्यायला हवा, यासाठी साध्या स्क्विरल केज रोटरची इंडक्शन मोटर घेऊ नका. केज म्हणजे सगळीकडून शॉर्ट केलेले बार, ते सस्पेन्शनच्या फील्डलाही विरोध करतात आणि तुम्ही मागितलेला जोर उशिरा आणि भलत्या दिशेनं मिळतो. त्यासाठी रोटरचे बार वेगळ्या पद्धतीनं जोडावे लागतात, म्हणजे फक्त मोटरच्या पोलसंख्येलाच ते शॉर्ट दिसतील असे. तुमच्यासाठी परमनंट मॅग्नेट रोटरच बरा.

पंपवाला_मिरज

काका आणि फ्लक्स दोघांचे मनापासून आभार, जोर कुठून येतो हे पहिल्यांदा नीट कळलं. पण मग वरखाली सरकणं आणि कलंडणं याचं काय? रोटरला सरकायच्या तीन दिशा आणि कलायच्या दोन, वर फिरणं वेगळं. पाची दिशांना सेन्सर आणि इन्व्हर्टर लावायचे तर माझ्यासारख्याच्या आवाक्याबाहेरच जाईल.

फ्लक्स_आणि_फोर्स

म्हणून तर वर म्हटलं की सगळ्या दिशांत कंट्रोल लागत नाही. तुम्ही स्लाइस मोटर करा, म्हणजे चपट्या चकतीसारखा रोटर. ईटीएचमध्ये शोब आणि बार्लेटा यांनी १९९० च्या दशकात ती पुढं आणली. आत डायमेट्रिकली मॅग्नेटाइज केलेली रिंग, म्हणजे एक बाजू उत्तर ध्रुव आणि समोरची दक्षिण, बाहेर स्टेटरचे दात. रोटर वर सरकला की फील्डच्या रेषा तिरक्या ताणल्या जातात आणि त्याला परत खाली दातांसमोर ओढतात. कलंडला तरी तेच, एक कड वर गेली की ती खाली ओढली जाते आणि दुसरी वर. म्हणजे वरखाली सरकणं आणि दोन बाजूंना कलणं या तीनही दिशा काही न करता फुकटात स्थिर. मात्र रोटरची उंची व्यासाच्या मानानं बरीच कमी हवी, नाहीतर कलण्याच्या दिशेतली स्थिरता जाते. फुकटात मिळालेल्या स्थिरतेची किंमत अर्नशॉच्या हिशेबानं आडव्या दिशेत वसूल होते, तिथं रोटर जवळच्या दाताला जाऊन चिकटायलाच बघतो. तेवढ्या दोनच दिशांना सेन्सर आणि कंट्रोल. पाचाऐवजी दोन.

पंपासाठी हे रूप जणू बेतूनच आलंय. कॉईल सगळ्या खाली घ्यायच्या आणि दात एल आकारात वर आणून रोटरभोवती उभे करायचे, याला टेंपल मोटर म्हणतात, म्हणजे रोटरच्या वरची जागा पूर्ण मोकळी राहते आणि तिथं इम्पेलर बसतो. मधे प्लास्टिकची भिंत, रोटरही प्लास्टिकमध्ये बंद. सील नाही, बुश नाही, काही घासत नाही.

सेमीकंडक्टर कारखान्यांत वेफर धुवायला जी अतिशुद्ध रसायनं लागतात ती हलवायला झुरिकच्या लेव्हिट्रॉनिक्सचे पंप याच तत्त्वावर चालतात. तिथं बुश झिजून निघालेला एक बारीक कणसुद्धा वेफर खराब करतो, त्यामुळं किंमत जास्त असली तरी ते घेतात. तुमचा चौथा प्रश्न, लॅबबाहेर कुठं आहे का, त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं कुणी मेडिकलवाल्यानं द्यावं.

हार्टलंग_ठाणे

मी परफ्युजनिस्ट आहे, ऑपरेशनच्या वेळी हार्ट-लंग मशीन चालवतो, त्यामुळं मोटरपेक्षा रक्ताच्या बाजूनं सांगतो. रक्त पंपातून जाताना दोन भीती असतात. अरुंद फटीत तांबड्या पेशी घासल्या तर त्या फुटतात, आणि जिथं रक्त साकळून राहतं किंवा गरम होतं तिथं गुठळी होते. बेअरिंग म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच जागी. हार्टमेट २ नावाचा हृदयाला मदत करणारा पंप होता, हजारो लोकांना बसवला गेला, चांगला होता, पण त्यात रोटर छोट्या माणकाच्या बेअरिंगवर फिरायचा आणि ती बेअरिंग रक्तातच असायची. त्यानंतर आला हार्टमेट ३, त्यात रोटर पूर्ण तरंगता, आणि वर म्हणताय तसाच तोच स्टेटर धरतो आणि फिरवतो. रोटरच्या भोवती रक्तासाठी जागा ठेवलीय ती अर्धा ते एक मिलिमीटर, तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची, म्हणजे तिच्या दृष्टीनं मोठा रस्ताच. पहिला पेशंट २०१४ मध्ये जर्मनीत हॅनोव्हरला, अमेरिकेत एफडीएची मंजुरी २०१७ मध्ये.

दोन्ही पंपांची तुलना १०२८ पेशंटवर झाली, शेवटचा अहवाल २०१९ मध्ये आला. दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचं किंवा तसा संशय आल्याचं प्रमाण जुन्यात १३.९ टक्के होतं, नव्यात १.४. पंपात गुठळी म्हणजे बऱ्याचदा छाती परत उघडून पंप बदलायचा, त्यामुळं या आकड्यांमागं काय काय टळलंय ते मला ठाऊक आहे. फरकाचं श्रेय एकट्या तरंगत्या रोटरला देता येणार नाही, पंपाची रचनाच बदलली होती, जुना अक्षीय प्रवाहाचा आणि नवा सेंट्रिफ्युगल, शिवाय नवा दर दोन सेकंदांनी वेग कमीजास्त करतो म्हणजे रक्त कुठं साचून राहत नाही. पण एवढ्या वेळा वेग खालीवर करायचा आणि तरी काही झिजत नाही, हे बेअरिंग नसल्यामुळंच जमतं.

कंट्रोल_कट्टा

चर्चा मस्त चाललीय पण पंपवाले दादा वर्कशॉपमध्ये करणार म्हणतायत तर आकडे मांडूया, नाहीतर मोटर तयार होईल आणि रोटर भिंतीला चिकटून बसेल. मी ड्राइव्हच्या कंट्रोलमध्ये काम करतो.

रोटर ५० मिमी व्यास, १० मिमी उंच धरा, वजन साधारण १५० ग्रॅम. मॅग्नेटचं फील्ड गॅपमध्ये ०.५ टेस्ला, सस्पेन्शनचं ०.०५. पी आणि पी अधिक एक अशी फील्ड असली की परिघावर सगळीकडं जोर एकाच दिशेत पडत नाही, बेरीज केली की निव्वळ ८ न्यूटनच्या आसपास मिळतो. रोटरचं वजन दीड न्यूटन, म्हणजे वजनाच्या पाचपट. ऐकायला भरपूर वाटतं. पण ०.०५ टेस्ला आणायला किती अँपियर-टर्न लागतील ते बघताना नुसता एअर गॅप धरू नका, मॅग्नेटची जाडीही धरा, कारण निओडिमियम मॅग्नेट बाहेरून येणाऱ्या फील्डला जवळजवळ हवेसारखाच अडवतो. गॅप ३ मिमी आणि मॅग्नेट १० मिमी म्हणजे १३ मिमीचा हिशेब, पाचशेच्या वर अँपियर-टर्न. १०० टर्न न ५ अँपियर. जमण्यासारखं आहे पण कॉईल तापतील.

आता उलटी स्टिफनेस, म्हणजे रोटर केंद्रापासून दर मिलिमीटर सरकला की किती जोरानं अजून बाहेर ओढला जातो. समजा २० न्यूटन प्रति मिमी निघाली. भागिले वस्तुमान, वर्गमूळ, उत्तर साधारण ३६५ रेडियन प्रति सेकंद, म्हणजे ६० हर्ट्झच्या आतबाहेर. याचा अर्थ सोडून दिलेला रोटर दर तीनएक मिलिसेकंदाला आपला एरर अडीचपट करतो. तुमचा पोझिशन लूप, म्हणजे जागा मोजून जोर दुरुस्त करायचं चक्र, याच्या निदान तीनपट वेगवान हवा, दोनशे हर्ट्झच्या आसपास, करंट लूप त्याच्या दहापट, २ किलोहर्ट्झ, आणि सँपलिंग २० किलोहर्ट्झ. आजकालच्या मोटर कंट्रोलच्या मायक्रोकंट्रोलरना, एसटीएम३२ जी४ किंवा टीआयचा सी२०००, हे जड नाही. दोन थ्री-फेज ब्रिज, म्हणजे ट्रान्झिस्टरचे इन्व्हर्टर, लागतील, एक टॉर्कला, एक सस्पेन्शनला.

खरी कसोटी सेन्सरची. कंट्रोलरमधला डी टर्म पोझिशनचा वेग काढतो, आणि पोझिशनमध्ये थोडा जरी नॉइज असला तरी वेग काढताना तो कितीतरी पटींनी वाढतो, मग कॉईल किरकिरतात, तापतात, आणि रोटर थरथरतो. एडी करंटचे प्रोब चांगले पण महाग. लिनिअर हॉल सेन्सर (चुंबकीय फील्ड मोजणारे) स्वस्तात येतात आणि रोटरचा मॅग्नेट त्यांना दिसतोच, पण त्यांना कॉईलचं फील्डही दिसतं, ते वजा करावं लागतं. समोरासमोर दोन हॉल लावून त्यांचा फरक घेतला तर बरंचसं साफ होतं. हॉलचा आणखी फायदा म्हणजे रोटरचा कोनही त्यांच्यावरूनच मिळतो, आणि कोन अत्यावश्यक आहे कारण मॅग्नेट फिरतोय, त्यामुळं उजवीकडं ढकलायला लागणारा करंट दर क्षणी वेगळा असतो. कोनात चूक झाली की जोर तेवढाच तिरका जातो. थोडी चूक खपते, पण तीस-चाळीस अंश तिरका गेला की रोटर गोल गोल भोवंडायला लागतो आणि ते वाढतच जातं.

म्हणून माझा सल्ला, आधी टॉर्कचं नावच काढू नका. रोटर न फिरवता नुसता तरंगवा. मग हातानं हळूच फिरवून बघा की सगळ्या कोनांत तरंगतो का. ते जमल्याशिवाय फिरवायचं नाही.

फ्लक्स_आणि_फोर्स

कट्टा यांच्या आकड्यांशी सहमत. फक्त क्रमाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. वाइंडिंग करण्याआधी ही उलटी स्टिफनेस खरंच २० आहे का ३५ हे शोधा, कारण बाकी सगळं त्या एका आकड्यावर ठरतं. एफईएमएम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, टू-डी आहे, त्यात रोटर ०.१ मिमी सरकवून जोर बघा. चपट्या रोटरला टू-डी उत्तर जरा जास्त येतं कारण वरून-खालून निसटणारं फील्ड त्यात धरलं जात नाही, पण अंदाज येतो. मग मॅग्नेट आणि स्टेटर आला की कॉईल नसतानाच साध्या स्प्रिंग बॅलन्सनं प्रत्यक्ष मोजा. वरखालीची स्टिफनेसही अशीच मोजा. ती ५ न्यूटन प्रति मिमी निघाली तर उभ्या अक्षाच्या पंपात रोटर आपल्या वजनानं ०.३ मिमी खाली बसेल, ते चालतं, पण इम्पेलरवरचा पाण्याचा दाब त्याला वर किंवा खाली किती ढकलेल ते मात्र नीट काढा. तिथं कंट्रोल नाहीये, नुसती चुंबकाची ओढ आहे. तुम्ही पंपवाले असल्यामुळं हा भाग आमच्यापेक्षा तुम्हालाच जास्त कळेल, आणि बऱ्याच इलेक्ट्रिकलवाल्यांचं डिझाइन नेमकं इथंच अडकतं.

वाइंडर_काका

स्टेटरसाठी भरीव लोखंड घेऊ नका. वायरकटवाला सोपं पडतं म्हणून भरीव ब्लॉक कापून देतो म्हणेल. सिलिकॉन स्टीलचं अर्ध्या मिलिमीटरचं स्टँपिंगच घ्या, ते एकावर एक चिकटवून मग वायरकट करा. भरीवमध्ये करंट आतल्या आत फिरतो, तापतं ते वेगळं आणि वर हे म्हणतायत तसा झटपट जोर मिळणार नाही. कापल्यावर कडांची बुरी काढा, नाहीतर थर एकमेकांना शॉर्ट होतात. एल आकाराचे दात करायचे तर प्रत्येक दात वेगळा कापून खाली रिंगला बसवा, सांधा जेवढा घट्ट तेवढं बरं. वाइंडिंगला काही अडलं तर इथं विचारा, सांगतो.

पंपवाला_मिरज

सगळ्यांचं वाचून माझा बेत असा ठरतोय. रिंग मॅग्नेट बाहेर ५० मिमी, उंची १० मिमी, स्टेटरला सहा दात, प्रत्येक दातावर एक कॉईल आणि प्रत्येक कॉईलला स्वतंत्र हाफ-ब्रिज (दोन ट्रान्झिस्टरची जोडी), म्हणजे टॉर्क आणि सस्पेन्शनचे करंट सॉफ्टवेअरमध्येच बेरीज करून घालायचे. समोरासमोर हॉलच्या दोन जोड्या. आधी नुसतं तरंगवणं, मग हळू फिरवणं. वेग पुढं १० हजार आरपीएमपर्यंत न्यायचाय. दोन शंका राहिल्यात. रिंग एवढ्या वेगाला टिकेल का? आणि प्लास्टिकच्या लायनरमध्ये, म्हणजे त्या मधल्या भिंतीत, रोटरला हलायला मोकळी जागा किती ठेवू, मी १ मिमी चहूकडून धरलीय म्हणजे असेंब्लीला सोपं जाईल.

कंट्रोल_कट्टा

सहा कॉईल न सहा हाफ-ब्रिज हे छान, पण कॉईलची दुसरी टोकं तीन-तीनच्या स्टारमध्ये, म्हणजे तीन टोकं एका बिंदूला, जोडा नाहीतर परतीच्या करंटला वाट राहणार नाही.

वेगाचं सांगतो. १० हजार आरपीएमला ५० मिमीच्या कडेचा वेग २६ मीटर प्रति सेकंद, रिंगमधला ताण जेमतेम ५ मेगापास्कल. निओडिमियम ८० च्या आसपास तुटतो, त्यामुळं इथं काळजी नाही. हाच रोटर उद्या ४० हजारला न्यावासा वाटला तर ताण वेगाच्या वर्गानं वाढून थेट ८० वर जातो, तेव्हा बाहेरून कार्बन फायबरची नळी घट्ट बसवल्याशिवाय जाऊ नका. १० हजारलाही चाचणी घेताना भोवती जाड पोलादी कडं हवंच, रिंगला आधीची चीर असेल तर हिशेब कामाला येत नाही.

१ मिमी मात्र ठेवू नका. मगाचे आकडे परत बघा, कंट्रोलकडं जोर ८ न्यूटन, उलटी स्टिफनेस २० न्यूटन प्रति मिमी. म्हणजे ०.४ मिमीच्या पुढं सरकलेल्या रोटरला तुमचा स्टेटर परत आणूच शकत नाही, आणि सुरुवातीला रोटर लायनरला टेकलेलाच असणार. १ मिमी ठेवलात तर त्याला उचलायलाच २० न्यूटन लागतील. लायनर असा टर्न करा की रोटर कुठल्याही बाजूला ०.२५, फार तर ०.३ मिमीच हलेल, असेंब्लीला त्रास झाला तरी चालेल. स्प्रिंग बॅलन्सनं स्टिफनेस मोजून झाली की आकडा इथं टाका, ती २० पेक्षा जास्त निघाली तर लायनर त्या प्रमाणात अजून घट्ट करावा लागेल नाहीतर कॉईलचे टर्न वाढवावे लागतील.